बाई, जरा पॉज करा ना!

ऑफिसला जाताना टपरीवर कटिंग मारता. बिस्किटांच्या बरणीला चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन फोनने टिपता आणि टपरीवाल्याचा स्पीकर 'दहा रुपये मिळाले' असं ओरडायच्या आत बाइक स्टार्ट! दिवसातून पाच-सहा वेळा तरी आपण हा उद्योग करतो. पण या चौकोनाची जन्मकथा कधी ऐकलीत?

जपानमधल्या डेन्सो कंपनीत १९९४ साली मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कशासाठी? तर मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून! साध्या बारकोडमध्ये फार माहिती मावायची नाही. एकाच खोक्यावर अनेक बारकोड असायचे आणि ते एकेक करून स्कॅन करताना कामगार वैतागायचे. मग उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी माहिती भरता येईल असा चौकोन आला. तोच आपला क्यूआर कोड.

कारखान्यातून निघालेला हा चौकोन आपल्याकडे गल्लोगल्लीच्या टपऱ्यांवर दिसू लागला, त्याआधीच तो एका भलत्याच ठिकाणी पोचला होता. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातली परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा! तिथे तो प्राथमिकच्या पुस्तकांत जाऊन बसला.

आजचा विषय तोच. इंटरनेट वर्गात येतं तेव्हा नक्की काय होतं? आणि महत्त्वाचं म्हणजे, काय व्हायला हवं?

चौकोनामागचा माणूस

रणजितसिंह डिसले हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, तेव्हा तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा फोटो फिरत होता. दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातमीचा मथळा मात्र बहुतेक ठिकाणी एकच होता. क्यूआर कोडवाले गुरुजी!

आता थोडं मागे जाऊ. २००९ मध्ये डिसले परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. मुलींची लग्नं लवकर व्हायची. आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे मुलांची घरची भाषा कन्नड, तर पुस्तक वेगळ्याच भाषेत. विचार करा, तुम्हाला उद्या ऑफिसात सगळे ईमेल कोरियनमध्ये यायला लागले तर? पहिल्या आठवड्यातच तुम्ही राजीनामा लिहायला घ्याल. तोही कोरियनमध्ये लिहिता येणार नाही, हा भाग वेगळा!

या गुरुजींनी काय केलं, तर आधी ते स्वतः कन्नड शिकले. मग पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी मुलांच्या भाषेत आणली. आणि त्यानंतर त्या पुस्तकांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कुठे ऐकायची कविता, कुठे व्हिडिओवरचा धडा, कुठे गोष्ट, कुठे गृहपाठ.

क्रम लक्षात आला का? आधी मूल, मग भाषा, मग मजकूर आणि सगळ्यात शेवटी कोड. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या शेवटच्या पायरीला, कारण तीच फोटोत दिसते. कन्नड शिकणाऱ्या मास्तरांचा फोटो काढणार तरी कसा?

गावाचं राज्य झालं, मग?

पुढे ही कल्पना मोठी झाली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सगळ्याच इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं. २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांबद्दलही तशीच घोषणा झाली. दरम्यान २०१७ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केलं होतं. पुस्तकातला कोड स्कॅन करायचा आणि दीक्षावर त्या धड्याचं साहित्य बघायचं, अशी ही सोय. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर त्याचं पुस्तक उघडून बघा. फुकटात आहे, आणि मराठीतही आहे.

मग झालं की काम? पण थांबा.

परितेवाडीत कोडमागचं साहित्य निवडणारा माणूस आणि समोरच्या बाकावरच्या मुलाला नावाने ओळखणारा माणूस एकच होता. राज्यभराच्या पुस्तकात तसं होणं शक्यच नाही. तिथला व्हिडिओ चेंबूरच्या मुलालाही तोच आणि चंद्रपूरच्या मुलीलाही तोच. यात कुणाची चूक नाही, मोठ्या मापाचे कपडे असेच शिवतात. पण मग अंगाला बेतून द्यायला शिंपी लागतोच ना? तो शिंपी म्हणजे वर्गातल्या बाई किंवा गुरुजी. त्यांनी आधी व्हिडिओ बघायचा, कुठला तुकडा आपल्या वर्गाला लागेल ते ठरवायचं, कुठला शब्द आपल्या पोरांना अडेल ते हेरायचं आणि बाकीचं कापून टाकायचं.

ऑनलाइन साहित्याचा हा असा कट-टू-फिट कारभार ज्या वर्गात चालतो, तिथे इंटरनेट कामाला येतं. नाहीतर ती नुसती वीज जाळणं.

टीव्हीवाल्यांची पिढी

तसं पडद्यावरून शिकवणं हे काही कालपरवाचं खूळ नाही. १९७५-७६ मध्ये देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. त्यात शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम होते. आणि आपल्या महाराष्ट्राचं म्हणाल तर पुण्याची 'बालचित्रवाणी'! १९८४ मध्ये सुरू झालेली ही संस्था दूरदर्शनसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवायची. आज तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या अनेकांनी आजारपणाची सुट्टी घेऊन घरी लोळताना ते कार्यक्रम पाहिलेत. हो की नाही? २०१७ मध्ये ती बंद झाली.

बालचित्रवाणीने कार्यक्रम चांगले केले. पण टीव्हीला एक मोठी मर्यादा होती. तो कुणासाठी थांबायचा नाही. तुम्हाला कळो न कळो, कार्यक्रम पुढे. शंका आली, हात वर केला, तरी पडद्यावरचे काका बोलतच राहणार. वर्गातल्या बाईसुद्धा मग प्रेक्षक होऊन मुलांबरोबर बघत बसायच्या.

इंटरनेटने वर्गाला दिलेली सगळ्यात भारी गोष्ट कुठली, असं मला विचाराल तर मी ना अॅनिमेशन म्हणेन, ना थ्रीडी. मी म्हणेन, दोन उभ्या दांड्यांचं ते बटण. पॉज!

अडीच मिनिटांची चाळीस मिनिटं

कराडजवळच्या एका गावात माझी मावशी प्राथमिक शिक्षिका आहे. तिच्या वर्गात लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आहे, त्याला ती पेन ड्राइव्ह लावते. मध्यंतरी एका कामासाठी त्या बाजूला गेले होते, तेव्हा अर्धा दिवस तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसले.

विषय होता बी रुजण्याचा. मावशीने राजम्याच्या बीचा एक टाइमलॅप्स व्हिडिओ आणला होता. दहा-बारा दिवसांची वाढ अडीच मिनिटांत. इंटरनेटशिवाय वर्गात हे कोण दाखवणार? व्हिडिओ सुरू झाला, बी फुगली, साल ताणली गेली... आणि मावशीने पॉज केलं.

"आता आधी काय बाहेर येईल? मूळ की पान? वहीत लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

वर्गात एकच गलका. पान म्हणणारे जास्त. का, तर झाडाला उजेड लागतो, म्हणून ते आधी वर येणार. एक मुलगी ठासून म्हणाली, मूळच येणार, आमच्या घरच्या मोड आलेल्या मटकीला शेपटी असते, पान नसतं. मावशीने ना हो म्हटलं, ना नाही. तिचा हात रिमोटकडे जाताच खिडकीजवळचा एक पोरगा कळवळून ओरडला, "बाई, जरा पॉज करा ना! माझं अजून ठरलं नाही."

त्याचं ठरेपर्यंत सगळा वर्ग थांबला. मग प्ले. मूळ आलं. मटकीवाली मुलगी अशी काही हसली की विचारू नका!

त्यावर कुणीतरी विचारलं, बी उलटी पेरली तर मूळ वर जाईल का? हा प्रश्न व्हिडिओत नव्हता. मावशीने टीव्ही बंदच केला. काचेचे चार पेले, ओला कापूस, घरून आणलेली चवळी. दोन पेल्यांत बिया सरळ, दोन पेल्यांत उलट्या. चौथ्या दिवशी तिने मला फोटो पाठवला. उलट्या बीचं मूळसुद्धा वळसा घालून खालीच गेलं होतं. आणि हो, तो व्हिडिओ पुढे कधीच पूर्ण झाला नाही. कुणाला गरजच वाटली नाही!

रात्री जेवताना मी म्हटलं, "मावशे, अडीच मिनिटांच्या व्हिडिओला तू चाळीस मिनिटं लावलीस."

"अगं, व्हिडिओला अडीचच लागली," ती म्हणाली. "बाकीची पोरांना लागली."

स्मार्ट कोण, क्लास की बाई?

आता शहरातल्या शाळांकडे वळू. अॅडमिशनच्या सीझनला येणारी गुळगुळीत माहितीपत्रकं बघा. पहिल्या पानावर स्विमिंग पूल, दुसऱ्यावर 'स्मार्ट क्लास'. मोठा पडदा, टच बोर्ड, अमुक अॅप, तमुक पोर्टल. फीच्या पावतीत त्याची वेगळी ओळसुद्धा असते. पण त्या बोर्डवर नक्की काय चालतं, हे माहितीपत्रकात कुठेच नसतं.

अनेकदा चालतं ते असं. व्हिडिओ लावला, दिवे घालवले, पोरं गप्प. बाई मागे बसून वह्या तपासतात. त्यात बाईंचा दोष काढू नका. चाळीस-पन्नास मुलांच्या वह्या, परीक्षांचे कागद आणि वर ती रोजची ऑनलाइन माहिती भरण्याची कटकट. दहा मिनिटं हाताला मिळाली तर कुणालाही हवीच असतात. मध्येच प्रकाशसंश्लेषण चालू असताना कर्ज देणाऱ्या एखाद्या अॅपची जाहिरात लागते, वर्ग खदखदून हसतो आणि व्हिडिओ संपल्यावर आपोआप सुरू होतो तो भलताच. घंटा. पुढचा तास.

असा व्हिडिओ बघून मूल नक्की काय शिकलं? ऑफिसात तुम्हीही अशी ट्रेनिंग अटेंड केलीत की! कॅमेरा बंद, माइक म्यूट, शेवटी पाच प्रश्नांची क्विझ, त्यात सगळ्यांना दहापैकी दहा. दुसऱ्या दिवशी आठवतं काय, तर ब्रेकमधला समोसा. बघणं आणि शिकणं यांच्यातलं अंतर आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. पोरांच्या बाबतीत मात्र पडदा मोठा दिसला की आपण खूश होतो.

भिंतीतला कॉम्प्युटर आणि स्काइपवरची आजी

'पण मुलं आपली आपण शिकतात की! शिक्षक हवाच कशाला?' असं म्हणणारेही आहेत. त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे सुगत मित्रा यांचा १९९९ चा प्रयोग. दिल्लीतल्या कालकाजीमध्ये ऑफिसशेजारच्या वस्तीकडे उघडणाऱ्या भिंतीत भोक पाडून त्यांनी कॉम्प्युटर बसवला. कुणी शिकवायला नाही, तरी पोरांनी तो आपला आपण चालवायला घेतला. सगळ्या जगात या प्रयोगाची चर्चा झाली. २०१३ मध्ये मित्रा यांना टेड प्राइज मिळालं. त्यातून ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यातली एक आपल्या फलटणला होती.

या गोष्टीचा मधला भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. २००९ मध्ये याच मित्रा यांनी ब्रिटनमधल्या लोकांना साद घातली. आठवड्यातला थोडा वेळ द्या आणि भारतातल्या मुलांशी स्काइपवर गप्पा मारा. त्यात निवृत्त शिक्षक बरेच होते. या मंडळींना नाव पडलं 'ग्रॅनी क्लाउड'. म्हणजे ढगातल्या आज्या! त्यांचं काम उत्तरं देणं नव्हतंच. त्यांनी आजीसारखं शेजारी बसायचं, कौतुक करायचं आणि म्हणायचं, "अरे वा! हे कसं जमवलंस? मला सांग बरं."

म्हणजे बघा, मुलं आपली आपण शिकतात असं जगाला पटवून देणाऱ्या माणसालाही शेवटी आजी लागलीच. स्काइपचं तर २०२५ मध्ये दुकानच बंद झालं. डिसलेंच्या वर्गानेही देशोदेशीच्या वर्गांशी गप्पा मारल्या त्या स्काइपवरूनच. टूल गेलं. 'हे कसं जमवलंस?' विचारणारं माणूस मात्र तेव्हाही लागत होतं, आजही लागतं. उद्या तुमच्या मुलाच्या वर्गात एआय येईल, नव्हे, आलाच असेल. त्यालाही हाच नियम.

ट्राय करून बघा

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणी ना कुणी शिक्षक असणारच. त्यांना पाठवायला (आणि रविवारी स्वतः खेळायला) या तीन गोष्टी. तिन्ही फुकट. प्रत्येकीबरोबर एक प्रश्न दिलाय. तो आधी विचारायचा, उत्तर वहीत लिहायला लावायचं आणि मगच प्ले.

एक, फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला हा प्रकल्प. सुरू करणारे कार्ल वाइमन हे २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. गणित-विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर स्वतः करून बघता येतात, त्यातले बरेच मराठीतही. विजेच्या सर्किटचा प्रयोग उघडा. प्रश्न असा. एका बल्बच्या रांगेत दुसरा बल्ब जोडला, तर पहिला तेवढाच पेटेल, मंद होईल, की विझेल? गंमत म्हणजे मोठी माणसंही इथे चुकतात.

दोन, नकाशा. वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा सपाट नकाशा आठवा. प्रश्न असा. भारत मोठा की ग्रीनलँड? अख्खा वर्ग ग्रीनलँडच्या बाजूने ओरडेल. 'द ट्रू साइज' नावाची एक साइट आहे, तिथे भारत उचलून ग्रीनलँडवर नेऊन ठेवता येतो. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३२.९ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलँडचं सुमारे २१.७ लाख. म्हणजे आपण जवळजवळ दीडपट! मग पुढचा प्रश्न. नकाशा खोटं का बोलला? गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची म्हटली की ध्रुवांकडचे देश ताणले जातात. १५६९ सालच्या मर्केटरच्या नकाशापासून ही ओढाताण चालू आहे. संत्र्याचं साल ताटात सपाट करून दाखवा, दुसरी-तिसरीतल्या पोरालाही कळेल.

तीन, अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा हा इंजिनीअर माणूस टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवतो. पुण्यात आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर खेळण्यांच्या छोट्या-छोट्या फिल्म्स आहेत आणि पुस्तकांचा तर खजिनाच आहे. स्ट्रॉची पिपाणी करा. प्रश्न असा. वाजवता-वाजवता स्ट्रॉ कात्रीने कापत गेलो तर आवाज जाड होईल की बारीक? इथे व्हिडिओ फक्त कृतीपुरता. उत्तर पडद्यावर बघायचं नाही, कापून ऐकायचं. स्ट्रॉचा खर्च किती, तुम्हीच सांगा!

एक फोन, तीन पोरं

आता जरा सिरियस.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग एका रात्रीत फोनमध्ये गेला. तेव्हाचे आकडे बोलके आहेत. 'असर' या ग्रामीण भागातल्या पाहणीनुसार, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली मुलं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती. २०२० मध्ये ती ६१.८ टक्के झाली आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के. म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. पण घरी फोन आला म्हणून तो पोराच्या हातात आलाच असं नाही. २०२१ च्याच पाहणीत, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. कसा मिळणार? फोन सकाळी बाबांबरोबर कामावर जातो, रात्री नऊला परत येतो, तेव्हा बॅटरी बारा टक्के आणि रांगेत भावंडं तीन.

हे फक्त गावाकडचं समजू नका. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या घरी विचारा, घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारा. 'होमवर्कची लिंक ग्रुपवर टाकली आहे' हे वाक्य कुणासाठी एक क्लिक असतं, तर कुणासाठी शेजाऱ्याच्या दारात उभं राहणं.

आणि फोन हातात आल्यावर? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता, तर सोशल मीडियासाठी ७६ टक्के मुलांनी. (आपले स्वतःचे आकडे काय निघतील ते सोडा!) सांगायचा मुद्दा असा, की फोन दिला की शिक्षण आपोआप येत नाही.

म्हणून शहाणे शिक्षक इंटरनेट शक्यतो घरी पाठवत नाहीत, ते वर्गात आणतात. नेट असेल तिथे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतात, जाहिरात आणि ऑटोप्लेची भानगडच ठेवत नाहीत. एकच पडदा, तो सगळ्यांचा. घरी न्यायला प्रश्न देतात, लिंक नाही. प्रश्नाला डेटा पॅक लागत नाही.

ओपन डेला विचारा

तुमच्यापैकी काहींच्या घरी पाळणा हललाय, काहींची पोरं नर्सरीच्या रांगेत आहेत. बाकीच्यांच्या कंपनीत सीएसआरचं बजेट येतं आणि 'एखाद्या शाळेला टॅब देऊया का' अशी चर्चा कँटीनमध्ये होते. दोन्हीकडे हे पाच प्रश्न चालतील.

व्हिडिओ कोण निवडतं, वर्गावरच्या बाई की कंपनीचं पॅकेज? बाईंना तो आधी बघायला वेळापत्रकात वेळ दिलाय का? व्हिडिओ चालू असताना बाई कुठे असतात? ज्या मुलाच्या घरी फोन नाही त्याचा गृहपाठ कसा होतो? आणि माझ्या मुलाचं नाव, फोटो, माझा नंबर कुठल्या-कुठल्या अॅपवर जातो?

पडदा किती इंचांचा आहे हे विचारू नका, ते ते स्वतःच सांगतील. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मुख्याध्यापक गडबडले, तर समजून जा. शाळेने मशीनसाठी पैसे मोजलेत, बाईंच्या वेळेसाठी नाही. आणि टॅब देणार असाल तर त्याबरोबर एखादा शनिवारही द्या. शिक्षकांबरोबर बसा, चांगले व्हिडिओ शोधायला, कापायला, पेन ड्राइव्हवर टाकायला मदत करा. एक्सेलमध्ये रात्री-रात्री घासणारी आपली बोटं एवढं सहज करतील.

२०२० मध्ये घरून काम करताना आपल्यापैकी अनेकांनी शिक्षक असलेल्या आईला, काकूला, आत्याला 'अगं, म्यूट काढ', 'अगं, स्क्रीन शेअर कर' असं चिडून सांगितलं असेल. त्यांनी वयाच्या पन्नाशीत ते सगळं शिकून घेतलं. आता आपली पाळी. त्यांना विचारा, "आज वर्गात व्हिडिओ कुठे थांबवलास? पोरं काय म्हणाली?"

आणि मग फोन बाजूला ठेवून ऐका.